कानशिलातल्या नाडीला पडलेलं खळं

सोनोग्राफी म्हटलं की डोळ्यासमोर पोट येतं, गरोदरपण नाहीतर मुतखडा. कानशिलावर जेल थापून केसांतून प्रोब फिरवत कोणी सोनोग्राफी करतं हे सहसा डोक्यातच येत नाही. पण जायंट सेल आर्टेरायटिस नावाच्या आजारात नेमकं तेच करतात आणि तेही घाईने, कारण उशीर झाला तर डोळा जातो.

हा आजार पन्नाशीच्या आत जवळजवळ होतच नाही, सत्तरीनंतर जास्त, आणि बायकांमध्ये पुरुषांच्या दोन-तीन पट. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच धमन्यांच्या भिंतींवर उलटते आणि त्या भिंती सुजतात. मग कानशील ठणकतं, कंगवा लावला तरी टाळू दुखतो, दोन घास चावले की जबडा इतका भरून येतो की थांबावंच लागतं. १८९० मध्ये जोनाथन हचिन्सन या ब्रिटिश डॉक्टरांनी असाच एक म्हातारा पेशंट नोंदवून ठेवलाय, डोक्यावर लाल दुखऱ्या रेघा, त्यामुळे बिचाऱ्याला टोपीसुद्धा घालवेना. डोळ्याच्या मज्जातंतूला रक्त देणाऱ्या बारीक धमन्या बंद झाल्या तर दृष्टी जाते, गेलेली सहसा परत येत नाही, आणि उपचार नसतील तर दुसरा डोळाही काही दिवसांत जाऊ शकतो.

आता सोनोग्राफीत काय दिसतं? सुजलेल्या भिंतीत पाणी साठतं आणि पाण्यातून ध्वनिलहरी फारशा परत उसळत नाहीत, त्यामुळे तेवढा भाग पडद्यावर काळा येतो. नाडी, म्हणजे ही धमनीच, आडवी कापल्यासारखी बघितली की मधे वाहत्या रक्ताचा रंगीत ठिपका आणि भोवती काळी कडा. हाच हॅलो, आपल्या भाषेत खळं. (चंद्राचं खळं उजळ असतं, हे काळं, पण नाव चिकटलं ते चिकटलं.) जर्मनीतल्या वोल्फगांग श्मिट आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये यावर पेपर लिहिला आणि तिथून ही गोष्ट खरी चर्चेत आली.

मला सगळ्यात आवडते ती दाबून बघायची युक्ती. प्रोबने नाडी अलगद दाबायची. निरोगी नाडी चपटी होते आणि आजूबाजूच्या मांसात मिसळून दिसेनाशीच होते, सुजलेली मात्र दाबली तरी काळी कडा घेऊन तशीच बसून राहते. मोजमाप म्हणाल तर कानशिलातल्या मुख्य धमनीची भिंत साधारण ०.४ मिलिमीटरच्या वर गेली की संशय, काखेतल्या धमनीत हाच आकडा १ मिलिमीटर. हो, काखही बघतात, कारण काही जणांत कानशील साफ आणि सूज काखेत असते. इतकं बारीक बघायला १५ मेगाहर्ट्झ किंवा त्याहून जास्त फ्रिक्वेन्सीचा प्रोब लागतो, तो खोलवर बघू शकत नाही, पण कानशिलातली नाडी कातडीखालीच असते त्यामुळे अडत नाही.

पूर्वी निदान म्हणजे बायोप्सी, नाडीचा तुकडा कापून मायक्रोस्कोपखाली. पण सूज सलग नसते, मधेमधे सोडून असते, तुकडा नेमका चांगल्या जागेचा आला की रिपोर्ट नॉर्मल. ब्रिटनमधल्या टॅबुल अभ्यासात (३८१ पेशंट, २०१६) सोनोग्राफीने ५४ टक्के केसेस पकडल्या, बायोप्सीने ३९. मात्र आजार नसलेल्यांना 'नाही' म्हणण्यात बायोप्सी १०० टक्के आणि सोनोग्राफी ८१, आणि हा आकडा विसरून चालणार नाही, कारण चुकीच्या खळ्यावर म्हाताऱ्या माणसाला महिनोन्महिने स्टेरॉइड (या आजाराचा मुख्य उपचार) म्हणजे हाडं आणि शुगर दोन्हीची वाट. वयाने कडक झालेली नाडीही जाड दिसते, आणि मशीनवर रंगाचा गेन, म्हणजे रंगाचा जोर, जास्त ठेवला तर खरं खळं रंगाखाली झाकलं जातं, म्हणजे बघणाऱ्याचा हात तयार हवाच. म्हणून लक्षणं दाट आणि खळं स्पष्ट असेल तर बायोप्सीची गरज नाही, दोन्ही एकमेकांशी जुळत नसतील तर करा, असं युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांची संघटना २०१८ पासून सांगतेय. २०२२ च्या वर्गीकरणात (लक्षणं आणि तपासण्यांना गुण देऊन हा आजार ओळखायची पद्धत) तर खळ्याला आणि बायोप्सीला सारखेच ५ गुण दिलेत.

स्टेरॉइड सुरू झालं की कानशिलातलं खळं काही दिवसांतच फिकं पडायला लागतं, म्हणून स्कॅन लवकर हवा, पण स्कॅनची वाट बघत स्टेरॉइडची गोळी थांबवायची नाही, डोळा आधी. काखेतलं खळं त्या मानाने महिनोन्महिने रेंगाळतं. आणि टोसिलिझुमॅब हे या आजारावरचं दुसरं औषध चालू असेल तर ते सीआरपी (रक्तातला सूज दाखवणारा आकडा) दाबूनच टाकतं, रक्ताचा रिपोर्ट छान दिसतो पण त्यावर फार विसंबता येत नाही, मग पुन्हा प्रोब घेऊन भिंत मोजून बघायची.