जॉर्ज फोरमनचा किताब गेला कधी: १९९५ मध्ये की १९९७ मध्ये?

हेवीवेट मुष्टियोद्धा फोरमनबद्दल कुणीही लिहायला बसलं, की १९९४ मध्ये विश्वविजेत्या मायकेल मूररला झोपवलेल्या रात्रीपर्यंत सगळं बिनचूक असतं. पुढच्या तीन वर्षांत हमखास घोळ होतो. कुणी लिहितं की त्याचा किताब १९९५ मध्ये गेला. कुणी लिहितं की १९९७ मध्ये शॅनन ब्रिग्जने तो घेतला. काही महाभाग दोन्ही विधानं एकाच परिच्छेदात करतात आणि त्यांना त्यात काही खटकतही नाही. मार्च २०२५ मध्ये फोरमन गेला तेव्हा हेच सगळं पुन्हा वाचावं लागलं.

गंमत म्हणजे दोन्ही साल बरोबर आहेत. १९९५ हे संघटनांच्या पट्ट्यांचं साल आहे आणि १९९७ हे लिनियल किताबाचं, म्हणजे आधीच्या विजेत्याला रिंगमध्ये हरवूनच मिळणाऱ्या किताबाचं.

मूररची लढत सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे ती झटपट उरकतो. ५ नोव्हेंबर १९९४, लास व्हेगास. फोरमन ४५ वर्षांचा, मूरर २६ चा. तिन्ही पंचांच्या कागदावर फोरमन मागे होता, आणि दहाव्या फेरीत उजव्या हाताचा तो ठोसा बसला. अंगावर १९७४ मध्ये किन्शासात मुहम्मद अलीकडून हरताना घातलेली लाल चड्डी, आणि कोपऱ्यात प्रशिक्षक अँजेलो डंडी, जो किन्शासात अलीच्या कोपऱ्यात होता. झालं.

त्या ठोशाने फोरमनकडे तीन गोष्टी आल्या: डब्ल्यूबीए या मुष्टियुद्ध संघटनेचा पट्टा, आयबीएफ या दुसऱ्या संघटनेचा पट्टा आणि जिला पट्टाच नसतो अशी तिसरी गोष्ट. सगळी गल्लत या तिसरीपाशी होते.

पट्टा संघटनेचा असतो. ती मानांकन ठरवते, लढतीला मंजुरी देते, त्याचं शुल्क घेते आणि विजेत्याने ठरावीक मुदतीत कोणाशी लढलंच पाहिजे तेही सांगते. तिचं ऐकलं नाही तर ती पट्टा काढून घेते. त्यासाठी एकही ठोसा बसावा लागत नाही, एक बैठक पुरते.

लिनियल किताबाला ना कार्यालय, ना शुल्क, ना मानांकन. विजेत्याला रिंगमध्ये हरवलं की तुम्ही विजेते, एवढा एकच नियम. साखळी बघा. १९८८ मध्ये टायसनकडे तिन्ही मोठे पट्टे होते, तरी मायकेल स्पिंक्सशी लढेपर्यंत खरा विजेता कोण हा वाद मिटला नव्हता, कारण स्पिंक्सने लॅरी होम्सला हरवलं होतं आणि नंतर त्याचा आयबीएफ पट्टा रिंगबाहेरच काढून घेतला गेला होता. टायसनने तो वाद ९१ सेकंदांत संपवला. मग फेब्रुवारी १९९० मध्ये टोकियोत बस्टर डग्लसने टायसनला पाडलं, डग्लसला इव्हँडर होलिफिल्डने, होलिफिल्डला रिडिक बोने, बो याला परत होलिफिल्डने आणि एप्रिल १९९४ मध्ये होलिफिल्डला मूररने हरवलं. सात महिन्यांनी फोरमन आला. या साखळीत कुठेही कुणी टेबलावर बसून कडी जोडलेली नाही.

आता १९९५ कडे येऊ. डब्ल्यूबीएचा आग्रह होता की फोरमनने त्यांच्या यादीतल्या टोनी टकरशी लढावं. फोरमनने जर्मनीचा ॲक्सेल शुल्झ निवडला. मार्चमध्ये डब्ल्यूबीएचा पट्टा गेला. तोवर मूररनंतर फोरमन एकदाही लढला नव्हता. एप्रिलमध्ये शुल्झशी लढत झाली. दोन पंचांनी ११५-११३ अशी फोरमनच्या बाजूने दिली, तिसऱ्याने ११४-११४. ती शुल्झने जिंकली होती असं मानणारे बरेच होते, आणि लढत पाहिली तर त्यांना दोष देता येत नाही. आयबीएफने फेरलढतीचा हुकूम काढला. फोरमनने नकार दिला आणि जूनमध्ये तो पट्टाही सोडला. म्हणजे आठ महिन्यांत दोन्ही पट्टे गेले, दोन्ही कागदावर गेले, आणि अधिकृत नोंदीत त्याचा एकही पराभव नाही.

मग त्या पट्ट्यांचं काय झालं? डब्ल्यूबीएच्या रिकाम्या पट्ट्यासाठी टकर आणि ब्रूस सेल्डन लढले, सेल्डन जिंकला. आयबीएफचा पट्टा शुल्झला हरवून फ्रान्स बोथाने घेतला, पण तो उत्तेजक चाचणीत सापडला आणि पट्टा पुन्हा रिकामा झाला. जून १९९६ मध्ये डॉर्टमुंडला तो जिंकला मायकेल मूररने! ज्याला फोरमनने आडवा केला होता तोच विजेता म्हणून मिरवतोय आणि फोरमन 'माजी'. पट्टा म्हणजेच किताब असं मानणाऱ्यांनी हे एकदा मला समजावून सांगावं.

फोरमन या काळात लिनियल विजेता म्हणून लढत राहिला. १९९६ मध्ये जपानमध्ये क्रॉफर्ड ग्रिम्सली, १९९७ च्या एप्रिलमध्ये लू सॅव्हरिझ. २२ नोव्हेंबर १९९७ ला अटलांटिक सिटीत ब्रिग्ज समोर आला. फोरमनचं वय ४८. बारा फेऱ्यांनंतर पंचांनी बहुमताने ब्रिग्जला विजयी केलं. माझ्या मते फोरमन ती लढत सरळ जिंकला होता. शुल्झच्या वेळी त्याला जे फुकट मिळालं ते इथे वसूल झालं, असं हवं तर म्हणा. पण निर्णय रिंगमध्ये लागला, आणि लिनियल किताब त्या रात्री गेला. फोरमन त्यानंतर लढला नाही. ब्रिग्जला मार्च १९९८ मध्ये लेनॉक्स लुईसने पाचव्या फेरीत संपवलं आणि साखळी लुईसकडे गेली.

माझा कौल उघड आहे, तरी लिनियलच्या भक्तांनाही एक सुनावायला हवं. सक्तीचा आव्हानवीर नसला की विजेता हवा तो प्रतिस्पर्धी निवडतो, आणि फोरमनने तेच केलं. त्या तीन वर्षांत तो ना लुईसशी लढला, ना टायसनशी, ना पुन्हा होलिफिल्डशी. ग्रिम्सलीशी लढून हेवीवेटचा राजा म्हणवून घेणं मलाही जड जातं. संघटनांची सक्ती निदान कागदावर तरी याच आजारावरचं औषध आहे. शिवाय विजेत्याने निवृत्ती घेतली की साखळी तुटते, आणि पुन्हा कुठून जोडायची यावर प्रत्येकाचं मत वेगळं. तरीही ठोशाने मिळालेली गोष्ट ठोशानेच जावी, हे मला पटतं. आणि फोरमनचा वारसा मोजताना १९९५ च्या कागदांना १९९७ च्या रात्रीइतकं वजन देणं मला चुकीचं वाटतं.

उरलेल्या चुका किरकोळ आहेत. मूररला हरवून फोरमन 'निर्विवाद विजेता' झाला, हे खरं नाही. डब्ल्यूबीसी या तिसऱ्या मोठ्या संघटनेचा पट्टा तेव्हा ऑलिव्हर मॅकॉलकडे होता. त्याने सप्टेंबर १९९४ मध्ये लुईसला दुसऱ्याच फेरीत थांबवून तो जिंकला होता. लुईसला तो आयताच मिळाला होता, कारण १९९२ मध्ये बोने लंडनमध्ये कॅमेऱ्यांसमोर तो कचऱ्याच्या डब्यात टाकला होता.

दुसरी चूक पुनरागमनाच्या सालाची. फोरमन १९७७ मध्ये जिमी यंगकडून हरून निवृत्त झाला, धर्मोपदेशक बनला आणि मार्च १९८७ मध्ये परतला. दहा वर्षं तो रिंगबाहेर होता. 'वीस वर्षांनी' हे किन्शासात किताब गमावणं आणि लास व्हेगासला तो परत मिळवणं यामधलं अंतर आहे.

आणि 'सर्वांत वयस्कर विश्वविजेता' असं लिहिताना पुढे 'हेवीवेट' घालत जा. सगळ्या वजनगटांतला विक्रम मे २०११ मध्ये बर्नार्ड हॉपकिन्सने ४६ व्या वर्षी माँट्रियलला जाँ पास्कलला हरवून मोडला, आणि तो लाइट हेवीवेट होता.