डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन

(डेक). मिनीकॉम्प्युटरची (खोलीभर मोठ्या संगणकांपेक्षा लहान व स्वस्त संगणकांची) बाजारपेठ उभी करणारी अमेरिकी कंपनी. लिंकन प्रयोगशाळेतील अभियंते केनेथ ओल्सन व हार्लन अँडरसन यांनी १९५७ मध्ये मॅसॅचूसेट्समधील मेनार्ड येथे, लोकरीच्या जुन्या गिरणीत ती स्थापन केली. अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट या नव्या उद्योगांना भांडवल पुरवणाऱ्या संस्थेने ७०,००० डॉलर घालून ७० टक्के हिस्सा घेतला. संगणकाच्या धंद्यात नफा नाही असा गुंतवणूकदारांचा समज होता. म्हणून आरंभी केवळ सर्किट-मॉड्यूल (तयार विद्युत-मंडलांचे सुटे भाग) विकले गेले आणि पुढे आलेल्या १८ बिटांच्या (एका वेळी १८ द्विमान अंक हाताळणाऱ्या) यंत्रालाही ‘संगणक’ हा शब्द टाळून ‘प्रोग्रॅम्ड डेटा प्रोसेसर’ (पीडीपी-१) असेच म्हटले गेले.

पहिला मिनीकॉम्प्युटर कोणता, याविषयी एकमत नाही. कंट्रोल डेटा कॉर्पोरेशनमधील (सीडीसी) सीमोर क्रे यांचा सीडीसी-१६० (सु. १९६०) १२ बिटांचा व टेबलाएवढा होता. वेस्ली क्लार्क यांचा लिंक (१९६२) जीववैद्यकीय प्रयोगशाळांसाठी होता. डेकचा पीडीपी-५ (१९६३) कॅनडातील चॉक रिव्हर अणुभट्टीच्या नियंत्रणाच्या कामातून निघाला. खर्च वाचवण्यासाठी त्यात प्रोग्रॅम काउंटरला (पुढची आज्ञा स्मृतीत कोठे आहे ते दाखवणाऱ्या गणकाला) स्वतंत्र रजिस्टर (प्रक्रियकातील जलद साठवण-जागा) न देता तो स्मृतीच्या शून्य क्रमांकाच्या स्थानी ठेवला होता. रचनेपुरते पाहिल्यास सीडीसी-१६० चा दावा मोडता येत नाही. तथापि किंमत, मोठ्या संख्येने उत्पादन आणि इतर उत्पादकांच्या उपकरणांत बसवण्यासाठी विक्री या तिन्ही कसोट्यांवर पीडीपी-८ (१९६५) हेच उत्तर अधिक ग्राह्य वाटते. सुमारे १८,००० डॉलरच्या या यंत्रात १२ बिटांचे ४,०९६ शब्द (स्मृतीतील साठवणीची एकके) मावत. आज्ञेतील तीन बिट क्रियेसाठी असल्याने मूळ आज्ञा आठच. स्मृतीतील स्थानाच्या पत्त्याला सातच बिट उरत, म्हणून स्मृती १२८ शब्दांच्या पानांत विभागलेली असे. इतक्या काटकसरीच्या रचनेवर या कुलातील ५०,००० हून अधिक संच खपले, ही अभियांत्रिकीतील असामान्य कामगिरी होय.

पीडीपी-८ च्या रचनाकारांपैकी एडसन डी कॅस्ट्रो यांनी १९६८ मध्ये बाहेर पडून डेटा जनरल ही प्रतिस्पर्धी कंपनी काढली. बेल प्रयोगशाळेत युनिक्स या कार्यप्रणालीचा जन्म पीडीपी-७ वर झाला (१९६९) व तिची वाढ १६ बिटांच्या पीडीपी-११ वर (१९७०) झाली. ३२ बिटांचा व्हॅक्स-११/७८० १९७७ मध्ये आला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९७० च्या दशकात बसवलेला डेकसिस्टिम-१० मात्र याच कंपनीच्या ३६ बिटांच्या मोठ्या यंत्रांपैकी होता.

वैयक्तिक संगणक व वर्कस्टेशन (तांत्रिक कामासाठीचे एका व्यक्तीचे शक्तिशाली संगणक) यांच्या स्पर्धेत कंपनी मागे पडली. ओल्सन १९९२ मध्ये पायउतार झाले. १९९८ मध्ये कॉम्पॅकने ती विकत घेतली.