राहून गेलेला हंगाम : मॉन्ट्रियल एक्स्पोजची पार्श्वभूमी

कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात लाल-पांढऱ्या-निळ्या रंगांची बेसबॉलची एक टोपी आजही सर्रास दिसते. ती एक्स्पोज संघाची. हा संघ २००४ साली शहर सोडून गेला. जिंकलेल्या चषकांच्या आठवणी म्हणाव्यात, तर एक्स्पोजनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाच्या विजेतेपदाची अंतिम लढत, कधी जिंकली नाही, ते तिथवर पोहोचलेही नाहीत. तरीही या संघासाठी लोकांचा जीव का तुटतो, हे समजून घ्यायला जरा मागे जावं लागतं.

बेसबॉल या शहराला नवा नव्हता. १९४६ साली कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन इथल्या मॉन्ट्रियल रॉयल्सकडून खेळला. रॉयल्स हा मेजर लीगमधल्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेतल्या, ब्रुकलिन डॉजर्सचा दुय्यम संघ. पुढच्याच वर्षी रॉबिन्सननं मेजर लीगमधली वर्णभेदाची भिंत पाडली. त्याआधी मॉन्ट्रियलकरांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं, याचा शहराला आजही अभिमान आहे. १९६० नंतर रॉयल्स बंद झाले आणि शहर काही वर्षं बेसबॉलविना राहिलं.

१९६९ मध्ये एक्स्पोज आले. मेजर लीगमधला अमेरिकेबाहेरचा हा पहिला संघ. १९६७ च्या जागतिक प्रदर्शनावरून, ‘एक्स्पो ६७’वरून, त्यांना हे नाव मिळालं. घरचा पहिला सामना १४ एप्रिलला जॅरी पार्कमध्ये झाला आणि त्यांनी सेंट लुईस कार्डिनल्सला ८-७ असं हरवलं. जॅरी पार्क म्हणजे जेमतेम २८ हजार लोकांचं छोटेखानी, उघडं मैदान. उजव्या बाजूच्या कुंपणापलीकडे सार्वजनिक जलतरण तलाव होता आणि पिट्सबर्गच्या विली स्टार्जेलनं चेंडू थेट त्या पाण्यात टोलवला होता. एक्स्पोजच्या लालसर केसांच्या रस्टी स्टॉबला लोक ‘ल ग्राँ ऑरांज’, म्हणजे ‘थोरला नारिंगी’, म्हणत. तो इथली मुख्य भाषा फ्रेंच शिकला आणि शहराचा लाडका झाला.

१९७७ मध्ये संघ ऑलिंपिक स्टेडियमवर गेला. ही प्रचंड काँक्रीटची वास्तू १९७६ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेली. तिचं कर्ज फिटायला २००६ साल उजाडलं. बेसबॉलसाठी ती कधीच सोयीची नव्हती. १९९१ मध्ये तर ५५ टनांची तुळई कोसळली आणि हंगामातले उरलेले घरचे सामने बाहेर खेळावे लागले.

‘मॉन्ट्रियलचे लोक मैदानावर येतच नव्हते’ हे वाक्य अमेरिकेत फार सहज फेकलं जातं. मला ते अन्यायाचं वाटतं. गॅरी कार्टर, आंद्रे डॉसन, टिम रेन्स या खेळाडूंच्या काळात, १९८२ आणि १९८३ मध्ये, दरवर्षी २३ लाखांहून अधिक प्रेक्षक आले होते. लोक दुरावले ते नंतर, आणि त्याला कारणं होती.

त्यातलं सर्वांत मोठं कारण १९९४. फेलिपे आलू प्रशिक्षक; संघात त्यांचाच मुलगा मोइझेस, शिवाय लॅरी वॉकर, मार्किस ग्रिसम आणि तरुण पेद्रो मार्टिनेझ. पगारांवर फार खर्च न करणाऱ्या या संघानं ७४ सामने जिंकले आणि फक्त ४० गमावले. अख्ख्या मेजर लीगमध्ये इतकी चांगली कामगिरी कुणाचीच नव्हती. मालकांना खेळाडूंच्या पगारावर कमाल मर्यादा हवी होती, खेळाडूंना ती मान्य नव्हती. १२ ऑगस्टला खेळाडूंचा संप सुरू झाला. १४ सप्टेंबरला वर्ल्ड सिरीज रद्द झाल्याचं जाहीर झालं. तोंडाशी आलेला घास असा गेला.

त्याहून जिव्हारी लागलं ते पुढच्या वसंतात. खर्च वाचवायला व्यवस्थापनानं ग्रिसम, जॉन वेटलँड आणि केन हिल यांना काही दिवसांतच दुसऱ्या संघांना देऊन टाकलं. वॉकरला राखून ठेवायचा प्रयत्नही झाला नाही. १९९७ च्या हंगामानंतर पेद्रो बोस्टनला गेला. पगार अमेरिकी डॉलरमध्ये द्यायचे आणि कमाई घसरत्या कॅनेडियन डॉलरमध्ये, ही अडचण खरी होती. पण दरवर्षी आपले लाडके खेळाडू दुसऱ्यांच्या गणवेशात बघायचे, तर प्रेक्षकांनी तिकीट कशासाठी काढायचं?

शहराच्या मध्यभागी नवं मैदान बांधायची योजना सरकारी पैशाअभावी बारगळली. रुग्णालयं बंद होत असताना मैदानाला पैसे देणं मॉन्ट्रियल ज्या प्रांतात आहे त्या क्वेबेकच्या सरकारप्रमुखांना पटलं नाही, आणि त्यांचं म्हणणं चूक म्हणता येत नाही. जेफ्री लोरिया मालक झाल्यावर २००० च्या हंगामात इंग्रजी रेडिओ-टीव्हीवर प्रक्षेपणच नव्हतं. २००२ मध्ये लोरिया फ्लोरिडाच्या संघाकडे गेले आणि एक्स्पोज खुद्द मेजर लीगनं, म्हणजे बाकीच्या २९ संघांच्या मालकांनी, विकत घेतले. पुढची दोन वर्षं घरचे दरवर्षी वीसहून अधिक सामने पोर्तो रिकोतल्या सान हुआनमध्ये झाले. २००३ च्या ऑगस्टअखेर संघ बाद फेरीच्या शर्यतीत होता. सप्टेंबरमध्ये राखीव खेळाडू बोलवायची सगळ्याच संघांना मुभा असते. एक्स्पोजना मात्र त्यासाठी पैसे नाकारले गेले. प्रतिस्पर्ध्यांनीच चालवलेल्या संघाचं दुसरं काय होणार?

२९ सप्टेंबर २००४ रोजी स्थलांतर जाहीर झालं. त्याच रात्री घरचा शेवटचा सामना होता आणि ३१,३९५ लोक आले. फ्लोरिडानं तो ९-१ असा जिंकला. पुढच्या वर्षी संघ वॉशिंग्टन नॅशनल्स झाला आणि २०१९ मध्ये त्यानं वर्ल्ड सिरीज जिंकली.

बेसबॉलची भूक मात्र संपलेली नाही. २०१४ मध्ये ऑलिंपिक स्टेडियमवर भरवलेल्या दोन सराव सामन्यांना मिळून ९६ हजारांहून अधिक लोक लोटले. २०१८ मध्ये तिथेच व्लादिमीर गेरेरो ज्युनियरनं शेवटच्या डावात होम रन (चेंडू थेट मैदानाबाहेर) मारून टोरोंटोला जिंकून दिलं. त्याचे वडील एक्स्पोजचे तारे आणि त्याचा जन्म मॉन्ट्रियलचा, त्यामुळे स्टेडियम दणाणून गेलं. फ्लोरिडातल्या टँपा बेचा संघ निम्मा हंगाम मॉन्ट्रियलमध्ये खेळवायचा प्रस्ताव पुढे आला होता. जानेवारी २०२२ मध्ये मेजर लीगनं तो फेटाळला.