हजेरीपट, ओळंबा आणि निविदा: विद्यापीठाच्या इमारती सांभाळणाऱ्यांची पार्श्वभूमी

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमच्याकडे गच्च्या तपासायचं काम असतं. सकाळी हजेरी झाली की शिडी, घमेलं, थापी आणि खडू घेऊन वर जायचं. आधी पावसाळी पाइपाच्या तोंडावरची जाळी उचलायची. तिच्यात पारव्यांची पिसं, वाळलेली पानं आणि निदान एक चहाचा कागदी पेला अडकलेला असतोच. मग कठड्यालगतचा वाटा, म्हणजे कठडा आणि गच्ची यांच्या सांध्यावर केलेली गोलाई, थापीच्या दांड्याने ठोकत पुढे सरकायचं. आवाज भरीव आला तर पुढे, पोकळ आला तर खडूने गोल. पाऊस सुरू होण्याआधी जितके गोल बुजतील तितकी पुढच्या चार महिन्यांची रात्रीची झोप शाबूत.

या गच्चीवर एका वेळी सात-आठ माणसं असतात आणि त्यांचे मालक तीन. गवंडी आणि बिगारी ठेकेदाराचे, वायरमन विद्यापीठाच्या आस्थापनेवरचा, सफाईवाला तिसऱ्याच एजन्सीचा. देखरेख करणारा मात्र एकच. नव्याने रुजू झालेला कनिष्ठ अभियंता पहिल्या महिन्यात विचारतो की ही विभागणी कुणी केली. त्याला सांगायचं तर १८५४ पासून सुरुवात करावी लागते.

त्या वर्षी लॉर्ड डलहौसीने लष्करी मंडळांच्या हातातली बांधकामं काढून घेऊन सार्वजनिक बांधकाम खातं उभं केलं. त्याच वर्षी जुलैमध्ये पुण्यात ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ सुरू झालं. आज आपण ज्याला सीओईपी, म्हणजे पुण्याचं अभियांत्रिकी महाविद्यालय, म्हणतो त्याचं हे मूळ. मोठे अभियंते घडवण्यासाठी ते काढलेलं नव्हतं. इमारती, धरणं, कालवे, पूल यांच्या कामावर प्रत्यक्ष उभा राहील असा दुय्यम अधिकारी खात्याला हवा होता. ‘ओव्हरसियर’ हा शब्द आपल्याकडे रुळला तो याच व्यवस्थेतून. मोजमाप घेणारा, हजेरी लावणारा, मालाची प्रत पाहणारा, साहेब आणि मिस्त्री यांच्यामध्ये उभा असलेला माणूस. माझ्या पदाचं नाव वेगळं असलं तरी मी त्याच परंपरेतला आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

त्याची हत्यारंही तिथूनच आली. मोजमाप पुस्तिका, जिला सगळे एम-बुक म्हणतात, हजेरीपट, म्हणजे मस्टर, आणि दरसूची. एम-बुकाची पानं आधीच क्रमांक घातलेली असतात आणि पान फाडता येत नाही. चूक झाली तर खोडरबर चालत नाही, रेघ मारून बाजूला सही करायची. पैसा सरकारचा, काम दुसऱ्याच्या हातचं आणि मोजणारा तिसरा, अशा ठिकाणी विश्वास कागदावर बांधून ठेवण्याची ही रीत आहे. संगणक आले तरी ती मोडली नाही.

आता विद्यापीठाकडे येऊ. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ ची, पण पहिली सतरा वर्षं त्याला स्वतःची इमारतच नव्हती. शिकवणं महाविद्यालयांत चाले, विद्यापीठ परीक्षा घेई आणि पदव्या देई. १८६२ च्या पहिल्या तुकडीत न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. त्या काळी पदवीदान टाउन हॉलमध्ये होत असे. छप्परच नाही तर गळतीही नाही. दुरुस्तीचा विषय विद्यापीठाच्या आयुष्यात आला तो १८७४ मध्ये, सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांच्या एक लाखाच्या देणगीतून दीक्षान्त सभागृह उभं राहिलं तेव्हा. पुढे प्रेमचंद रायचंद यांच्या पैशातून ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर झाला. पायाभरणी १ मार्च १८६९, काम पूर्ण नोव्हेंबर १८७८ मध्ये, उंची २८० फूट.

आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, आणि तो आला इंग्लंडहून. कामावर उभी होती ती इथली माणसं. त्यांतलं एक नाव मला फार जवळचं वाटतं: रावबहादूर मुकुंद रामचंद्र, साहाय्यक अभियंता. टॉवरवर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांचे पुतळे आहेत, त्यांचे नमुने त्यांनी तयार केले. म्हणजे देखरेख करणाऱ्याच्या हातात कलाही होती. फोर्टात गेलात तर रस्त्यावरून मान वर करून ते पुतळे जरूर पाहा.

दगडाची इमारत आणि तिच्या चुन्याच्या दर्जा, म्हणजे दगडांमधले चुन्याने भरलेले सांधे, सांभाळायचे तर गवंडी कायमचा जवळ लागतो. चुना श्वास घेतो. भिंतीत शिरलेलं पाणी तो दर्जातून बाहेर पडू देतो आणि झिजायचं असेल तर स्वतः झिजतो, दगड वाचवतो. विसाव्या शतकात सिमेंट स्वस्त आणि सोपं झालं, चुन्याचे घाणे बंद पडले आणि जुन्या भिंतींच्या दर्जा सर्रास सिमेंटने भरल्या गेल्या. सिमेंट पाणी कोंडून धरतं, मग झिजतो तो दगड. ज्यांनी हे केलं त्यांचा हेतू वाईट नव्हता. चुन्याचं काम जाणणारी पिढी गच्चीवरून उतरली होती आणि तिच्या जागी शिकवून तयार केलेलं कुणी नव्हतं, एवढंच. राजाबाई टॉवरचं जतनकाम २०१५ मध्ये पूर्ण झालं आणि २०१८ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत त्याची दखल घेतली गेली. त्याच वर्षी फोर्टातला हा सगळा परिसर जागतिक वारसा यादीत गेला.

पुण्याची गोष्ट थोडी वेगळी. १० फेब्रुवारी १९४९ ला पुणे विद्यापीठ स्थापन झालं तेव्हा त्याला गणेशखिंडीतलं गव्हर्नरांचं निवासस्थान मिळालं. सर बार्टल फ्रिअर यांच्या काळात, १८६४ मध्ये, काम सुरू झालेली ही वास्तू. म्हणजे पहिल्याच दिवशी ऐंशीएक वर्षं जुनी इमारत गळ्यात, आणि भोवती चारशे एकरांहून अधिक आवार. तिथला विभाग ‘स्थावर विभाग’ म्हणून ओळखला जातो. वाचताना रुक्ष वाटतं, पण नाव चपखल आहे.

मग मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये, शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये. इकडे मुंबई विद्यापीठही फोर्टात मावेनासं होऊन कालिन्याकडे पसरलं. या पिढीच्या इमारती मुख्यतः आरसीसीच्या, सपाट गच्च्यांच्या. मंगलोरी कौलाचं छप्पर फुटलं तर चार कौलं बदलून भागतं. स्लॅबचं तसं नाही. वरून पाणी मुरतं, आत सळई गंजते, गंजून फुगते आणि खालचा गिलावा पोपडा होऊन वर्गात पडतो. डाग दिसतो एका ठिकाणी आणि पाणी शिरतं दुसऱ्याच ठिकाणी. कितीदा तरी गळती थांबवायची म्हणून जुन्या कोब्यावर, म्हणजे पाणी अडवायला गच्चीवर केलेल्या थरावर, नवा कोबा चढवतात. पाणी थांबत नाही, स्लॅबवरचं ओझं मात्र वाढतं. मी तर म्हणेन, जुना कोबा काढल्याशिवाय नवा टाकायला कुणी सांगितलं तर ते लेखी मागावं.

इमारती वाढल्या तशी त्या सांभाळणारी माणसंही वाढली. पण ही माणसं कायद्याच्या लेखी कोण? या प्रश्नावर फार मोठा झगडा झाला आणि त्यातली एक मुख्य व्यक्ती आपली, सातारची. दिल्ली विद्यापीठाने तोट्यात चाललेली विद्यार्थिनींची बससेवा बंद केली आणि चालकांना कमी केलं. त्यांचं म्हणणं, आम्ही कामगार आहोत, औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे भरपाई द्या. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारलं. न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी निकाल लिहिला: विद्यापीठाचं मुख्य काम शिक्षण, ते शिक्षक करतात, बाकीच्यांचा वाटा गौण, म्हणून विद्यापीठ हा ‘उद्योग’ नव्हे. गजेंद्रगडकर कामगार कायद्याचे थोर जाणकार होते. पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाचं अध्यक्षपद त्यांनी भूषवलं आणि पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. त्यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे. पण पाण्याची टाकी दोन दिवस भरली नाही तर वसतिगृहाचं काय होतं हे पाहिलेल्या माणसाला ‘गौण’ हा शब्द टोचतोच.

१९७८ मध्ये बंगलोर पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठाने हा निकाल रद्द ठरवला. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी ‘उद्योग’ची व्याख्या रुंद केली आणि विद्यापीठं तिच्या आत आली. विद्यापीठातला प्लंबर, गवंडी, माळी, पंपचालक कायद्याच्या लेखी कामगार झाला. १९७१ चा महाराष्ट्राचा अनुचित कामगार प्रथांविरुद्धचा कायदाही त्याच्या हाताशी होता. माणसाला वर्षानुवर्षं हंगामी ठेवून कायमपणाचे लाभ नाकारणं ही त्या कायद्यात अनुचित प्रथा आहे. (ही १९७८ ची व्याख्या फेरविचारासाठी २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवली गेली.)

हक्क आला तशी पळवाटही आली. वर्षात २४० दिवस भरले की कामगाराला संरक्षण मिळतं, म्हणून २४० भरूच द्यायचे नाहीत. मस्टरच्या भाषेत याला ‘ब्रेक देणं’ म्हणतात. नोकरीच्या सुरुवातीला एका शिक्षणसंस्थेत मी हे स्वतःच्या हाताने केलं आहे. एक रोजंदारीवरचा प्लंबर होता. आवारातला प्रत्येक जमिनीखालचा व्हॉल्व्ह त्याला पाठ. नकाशे कधीच हरवले होते, त्यामुळे नकाशा म्हणजे तोच. वरून चिठ्ठी आली, याचे दिवस भरत आले, महिनाभर नाव काढा. मी काढलं. तो काही बोलला नाही, फक्त पान्यांची पिशवी खांद्यावर टाकली. जुलैत मुख्य वाहिनी फुटली आणि बंद करायचा व्हॉल्व्ह आम्हाला सापडेना. पेव्हर ब्लॉक उखडत आम्ही संध्याकाळपर्यंत खणत होतो. शेवटी त्याच्या घरी माणूस पाठवला. तो आला, निलगिरीच्या झाडापासून सात पावलं मोजली आणि पहार टेकवली. खाली व्हॉल्व्ह होता. त्या दिवसाची हजेरी त्याला लावता आली नाही, कारण त्याचं नाव पटावर नव्हतं.

सार्वजनिक बांधकाम खात्यातल्या रोजंदारीवाल्यांना १९६७ च्या कालेलकर निवाड्याने एक वाट दिली होती. पाच वर्षं सलग सेवा झाली की रूपांतरित अस्थायी आस्थापनेवर, म्हणजे रोजंदारीऐवजी मासिक पगाराच्या पटावर, घ्यायचं. विद्यापीठांतल्या रोजंदारीवाल्यांसाठी अशी सरळ वाट नव्हती. प्रत्येकाला न्यायालयाची पायरी चढावी लागली. २००६ च्या उमादेवी निकालाने ती पायरीही उंच केली: रीतसर भरतीशिवाय लागलेल्याला केवळ बरीच वर्षं काम केलं म्हणून कायम होण्याचा हक्क नाही. इकडे शासनाचा आकृतिबंध, म्हणजे मंजूर पदांचा आराखडा, आखडता, त्यामुळे निवृत्त झालेल्या गवंड्याची जागा भरली जात नाही, ती मरते.

या दोन भिंतींमधून जी फट उरली तिचं नाव ठेकेदार. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा मुळात ही पद्धत आवरण्यासाठी होता. कायम स्वरूपाच्या कामात ती बंद करण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, बंदी आली की ते कामगार आपोआप मूळ मालकाचे. २००१ मध्ये पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात पाच न्यायाधीशांनी ते फिरवलं. तेव्हापासून ठेक्यावर माणसं घेण्यातली संस्थांची धास्ती पार गेली. वार्षिक देखभालीची निविदा, कमीत कमी दर आणि दर निविदेबरोबर नवी माणसं.

देखरेख करणाऱ्याचं काम यातून बदललं, पण हलकं झालं नाही. ठेकेदाराने मजुरी थकवली तर कायद्याने ती मूळ मालकावर येते, म्हणून बिलावर सही करण्याआधी मी बँकेतल्या जमा रकमा आणि भविष्यनिर्वाह निधीच्या पावत्या माणसागणिक ताडून पाहतो. तुंबलेल्या चेंबरबाबत तर तडजोड नाहीच. २०१३ च्या कायद्याने मलवाहिनीत वा सेप्टिक टँकमध्ये असुरक्षितपणे माणूस उतरवणं गुन्हा ठरवलं. पहिल्या वेळेस दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. ‘साहेब, दोन मिनिटांचं काम आहे, उतरतो’ असं म्हणणाऱ्याचा हात धरून मी त्याला मागे ओढलेलं आहे. जेटिंग मशीन यायला अर्धा दिवस लागला तर लागू दे, वसतिगृहाच्या वॉर्डनचा फोन मी घेईन.

त्या प्लंबरने निवृत्तीच्या वयात मला एक शंभरपानी वही भरून दिली. अक्षर मोठं, ओळी वाकड्या. ‘ग्रंथालयामागे, निलगिरीपासून ७ पावलं, ४ इंची, उलटा फिरतो.’ असे त्रेसष्ट व्हॉल्व्ह. निलगिरी नंतर वादळात पडली, म्हणून आम्ही तिथे पेव्हरवर पिवळ्या रंगाने गोल केला आणि वहीत त्या ओळीखाली नवी मापं लिहिली. दर वर्षी नव्या ठेकेदाराची माणसं आली की पहिल्या दिवशी गच्चीवर न जाता त्यांना ती वही हातात देऊन आवारभर फिरवायचं, हा आता आमच्याकडचा रिवाज आहे.