दारात कोणीतरी बघायला आलं की आपण वेगळं वागतो, मग खरं वागणं मोजायचं कसं?

आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, निपाणीकडच्या गावांत सर्व्हे म्हणजे काही नवीन नाही. आशाताई कन्नडातला फॉर्म मराठीत वाचून विचारते, "काकू, संडास वापरताय न्हवं?" आतनं उत्तर, "व्हय की, सगळीच वापरतोय." आणि परड्यातल्या त्याच संडासात शेणी नि सरपण रचलेलं. काकूंना फसवायचं नसतं हो, दारात आलेल्या बाईला नाही कसं म्हणायचं, पण फॉर्मवर होय पडलं की तोच आकडा वर जातो.

हा प्रश्न जुना आहे. १९२४ साली शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात उजेड वाढवला तर काम वाढतं का हे बघायला घेतलं, आणि पुढं चर्चा अशी झाली की कामगार उजेडामुळं नाही, कोणीतरी लक्ष देतंय म्हणून जास्त काम करतात. नंतर जुने आकडे परत तपासले तेव्हा तो परिणाम सांगितला तितका ठळक निघाला नाही, पण शंका राहिली ती राहिलीच. बांगलादेशात तर लोक हात धुतात का हे बघायला साबणाच्या वडीत हालचाल टिपणारा सेन्सर बसवला, घरात निरीक्षक बसलेल्या दिवशी साबण सुमारे ३५ टक्के जास्त हलला!

आपल्या देशात १९८६ पासनं केंद्राची ग्रामीण स्वच्छता योजना आहे, पण बरीच वर्षं मोजले ते बांधलेले संडास. २०१४ मध्ये उत्तरेकडच्या पाच राज्यांत घरातल्या एकेका माणसाचं वेगवेगळं विचारलं, तेव्हा चालू संडास असलेल्या ४० टक्क्यांहून जास्त घरांतला निदान एक जण बाहेर जात होता. एवढा साधा बदल, घराऐवजी माणसाबद्दल विचारायचं, आणि चित्रच पालटलं.

दवाखान्यातली गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण त्यात आमच्या बेळगावचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजही भागीदार होतं. बाळंतपणाच्या वेळी काय काय करायचं याची एक चेकलिस्ट जागतिक आरोग्य संघटनेनं केली, २०१० मध्ये कर्नाटकातल्या एका दवाखान्यात ती वापरून बघितली तर २९ पैकी सरासरी १० गोष्टी व्हायच्या त्या २५ वर गेल्या. मग उत्तर प्रदेशात १२० दवाखान्यांत मोठा प्रयोग झाला, दीड लाखाहून जास्त बाळंतपणं, निम्म्या ठिकाणी ८ महिने कोच येऊन नर्सना शिकवायचे, आणि शेजारी उभं राहून १८ गोष्टी मोजल्या. दोन महिन्यांनी कोच असलेल्या ठिकाणी ७३ टक्के गोष्टी होत होत्या, बाकी ठिकाणी ४२. वर्षानं, म्हणजे कोच गेल्यावर, ६२ आणि ४४. घसरलं, पण सगळं पुसलं नाही. फक्त चेकलिस्ट भरली का एवढंच बघितलं असतं तर इथंच टाळ्या वाजल्या असत्या. प्रयोग करणाऱ्यांनी आईचे नि बाळांचे मृत्यूही मोजले म्हणून कळलं, त्यात दोन्हीकडं फरक पडलाच नव्हता, आणि २०१७ मध्ये त्यांनी ते तसंच छापलं.