डेटा सांगलीत, प्रत जतला

सांगलीजवळच्या हरिपूरला हळद पेवात साठवत. जमिनीत खोल खणलेलं, तळाशी रुंद आणि तोंडाशी निमुळतं पेव एकदा बंद केलं की आत हवा फारशी उरत नाही. मग कीड लागत नाही आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. २००५च्या महापुरात नदीचं पाणी या पेवांत शिरलं आणि आतला माल कुजला. पेवं भक्कमच होती, पण सगळी एका काठावर होती.

फोटो, सातबारा-फेरफाराच्या स्कॅन प्रती, दुकानाचे हिशेब असं सगळं घरच्या सर्व्हरवर, म्हणजे कायम चालू राहून डेटा सांभाळणाऱ्या यंत्रावर, आणू पाहणाऱ्यांनी सुरुवात या पेवांपासूनच करावी. गूगलच्या मोफत खात्यात ईमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी जागा असते, आणि १ जून २०२१पासून नवे फोटोही त्यातच मोजले जातात. जागेचे नियम दुसऱ्याच्या हातात राहू नयेत ही इच्छा रास्त आहे. मात्र डेटा घरी आला की वीज, उष्णता, चोरी आणि कृष्णा यांची जबाबदारीही घरी येते.

यंत्रासाठी खर्च फार नाही. आठ-दहा वर्षांचा लॅपटॉप, ८ जीबी रॅम आणि एक एसएसडी पुरते. त्यावर डेबियन ही मोफत लिनक्स प्रणाली टाकावी. इन्स्टॉल करताना डेस्कटॉपची खूण काढून फक्त एसएसएच सर्व्हर (दुसऱ्या यंत्रावरून कुलूपबंद जोडणीने आत येण्याची सोय) आणि मूलभूत साधनं ठेवावीत. स्क्रीन बंद असलेला असा लॅपटॉप रिकामा असताना साधारण १० वॅट खातो, म्हणजे महिन्याला सुमारे ७ युनिट. झाकण मिटलं की तो झोपी जातो. ते टाळायला लॉगइन-सेवेच्या सेटिंग फाइलमध्ये 'हँडल लिड स्विच' या ओळीपुढे 'इग्नोर' लिहून यंत्र पुन्हा सुरू करावं.

लॅपटॉपची बॅटरी हाच फुकटचा यूपीएस, पण ती कायम १०० टक्क्यांवर राहिली आणि वर एप्रिल-मेचा उन्हाळा असला की फुगते. टचपॅड वर उचललेला दिसला तर बॅटरी फुगली असं समजून यंत्र लगेच बंद करावं. ज्या मॉडेलना सोय आहे त्यांत 'टीएलपी' हे साधन वापरून चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवता येतं. बॅटरी संपत आली की यंत्र झोपी न जाता नीट बंद होईल अशी सूचनाही द्यावी. लाइट गेल्यावर राउटर आणि फायबरचा डबाही चालू राहायला हवेत. इन्व्हर्टरची लाइन तिथे नसेल तर १२ व्होल्टचा छोटा राउटर-यूपीएस बसवावा. व्होल्ट आणि पिनेचं माप मात्र अडॅप्टरवर वाचून जुळवावं.

फोनमधले फोटो लॅपटॉपवर आणायला दोन यंत्रांवरचे फोल्डर सारखे ठेवणारं सिंकथिंग उत्तम. दोन यंत्रं थेट एकमेकांशी बोलतात, मध्ये कुणाचा साठा नसतो. अँड्रॉइडचं मूळ अधिकृत अ‍ॅप डिसेंबर २०२४नंतर थांबलं, म्हणून आता सिंकथिंग-फोर्क घ्यावं लागतं. पण सिंकथिंग म्हणजे बॅकअप नव्हे. ही चूक सर्रास होते. फोनवर फोटो पुसला की थोड्या वेळात तो लॅपटॉपवरूनही पुसला जातो. लॅपटॉपच्या बाजूला 'फाइल व्हर्जनिंग' चालू केलं तर पुसलेलं काही दिवस राहतं, तरीही ते त्याच घरात, त्याच डिस्कवर.

ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, आणि धोक्याची पातळी ४५ फूट आहे. नदीकाठच्या गावभागातल्या घराची दुसरी प्रत शेजारच्या गल्लीत ठेवून भागणार नाही. सुदैवाने सांगली जिल्ह्याला दोन टोकं आहेत. पश्चिमेला नदीकाठ बुडतो आणि पूर्वेला जत-आटपाडीकडे पाण्याची वाट पाहतात. तिकडे मामा, आत्या, कुणीतरी असतंच. त्यांच्या घरी आणखी एक जुना लॅपटॉप आणि २ टीबीची डिस्क ठेवावी.

प्रत पाठवायला रेस्टिक हे बॅकअपचं साधन वापरावं. ते फाइलींचे तुकडे करतं, तोच तुकडा दुसऱ्यांदा साठवत नाही आणि सगळं कुलूपबंद करूनच बाहेर पाठवतं. पहिली प्रत नेटवरून पाठवू नये. ३०० जीबी डेटा २० एमबीपीएस अपलोडने जायला ३३ तास लागतात, मध्ये लाइन तुटली तर आणखी. बाहेरची डिस्क घरीच जोडून त्यावर रेस्टिकचा साठा तयार करावा आणि डिस्क एसटीने जतला न्यावी. तिथे तोच साठा एसएसएचवरून उघडतो. पुढे रोज रात्री फक्त नवे तुकडे जातात. जुन्या नोंदी ७ रोजच्या, ४ आठवड्यांच्या आणि १२ महिन्यांच्या ठेवल्या की पुरे.

कुलुपाबाबत दोन घरांचा नियम वेगळा. सांगलीच्या लॅपटॉपची डिस्क इन्स्टॉल करतानाच एन्क्रिप्ट करावी, म्हणजे चोरी झाली तरी कागद उघडे पडत नाहीत. जतच्या यंत्राची करू नये. तिथे वीज जाऊन बॅटरी संपली की यंत्र सुरू होताना पासवर्ड मागत अडून बसेल, आणि तो टाकायला आत्याला मध्यरात्री उठवावं लागेल. रेस्टिकचा साठा मुळातच बंद असल्याने तिथे दुसऱ्या कुलुपाची गरज नाही. रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर साठा कुणालाही उघडता येत नाही, म्हणून तो कागदावर लिहून दोन्ही घरी ठेवावा. जतला तो कागद यंत्राजवळ नको, कपाटात असावा.

दोन घरं जोडताना अडतं ते नेटवर. राउटरच्या पानावर बाहेरचा (आयपी) पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी काहीने सुरू होत असेल, तर कंपनीने एक पत्ता अनेक घरांत वाटला आहे आणि पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याचं दार, उघडून काहीही होणार नाही. दोन्ही घरी आयपीव्ही६ (प्रत्येक यंत्राला स्वतंत्र पत्ता देणारी नवी पद्धत) मिळत असेल तर राउटरच्या फायरवॉलमध्ये तेवढंच दार उघडून वायरगार्ड हा दोन यंत्रांमधला कुलूपबंद बोगदा जोडता येतो. नसेल तर सर्वांत छोटा भाड्याचा सर्व्हर मध्ये घ्यावा आणि दोन्ही लॅपटॉप वायरगार्डने त्याला जोडावेत. वायरगार्डमधलं 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह' (जोडणी जागी ठेवणारी सेटिंग) २५ सेकंदांवर ठेवलं नाही तर जोडणी थोड्या वेळाने मुकी होते. मधल्या सर्व्हरवर काही साठत नाही, आणि आतली एसएसएचची लाइन त्यालाही वाचता येत नाही.

बॅकअप 'यशस्वी' म्हणतो यावर विसंबू नये. महिन्यातून एकदा 'चेक' आज्ञेने साठ्याचा ५ टक्के भाग प्रत्यक्ष वाचून घ्यावा, आणि दिवाळीला जतला गेल्यावर एखादा जुना फोल्डर दुसऱ्याच यंत्रावर परत उतरवून उघडून पाहावा.

पुलाशी पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागलं की वीज तोडली जाण्याआधी शेवटचा बॅकअप हाताने चालवावा, यंत्र बंद करून प्लग काढावा आणि वरच्या मजल्यावर न्यावं. तरीही डिस्क भिजलीच तर 'चालतेय का' म्हणून जोडून पाहू नये आणि केस वाळवायच्या यंत्राने सुकवूही नये. हार्ड डिस्क असेल तर आत शिरलेला गाळ फिरत्या तबकड्यांवर ओरखडे काढतो. तिला तशीच बाजूला ठेवून, कोरड्या लॅपटॉपवर जतचा साठा उतरवायला घ्यावा.