मेनूची ओळ आपण रंगवायची म्हटली तर: विंडोजमधल्या ओनर-ड्रॉची पार्श्वभूमी

मेनूतली ओळ प्रोग्रॅमने स्वतः काढायची सोय, म्हणजेच ओनर-ड्रॉ, विंडोजमध्ये 3.0 पासून, म्हणजे 1990 पासून आहे. ओळीला ‘एमएफ ओनरड्रॉ’ हा फ्लॅग (खूण) लावला की विंडोज प्रोग्रॅमला दोन मेसेज पाठवतं. ‘मेझरआयटम’मध्ये ओळीची रुंदी-उंची विचारतं, ‘ड्रॉआयटम’मध्ये रंगवायला डीसी (डिव्हाइस काँटेक्स्ट, म्हणजे ज्यावर चित्र काढायचं तो ‘कागद’) हातात देतं.

घोळ बहुतेकदा मोजण्यातच होतो. तेव्हा डीसी मिळत नाही. तो ‘गेटडीसी’ या फंक्शनने मागून घ्यायचा, त्यात मेनूचा फाँट निवडायचा आणि मगच मजकूर मोजायचा. फाँट निवडायचा राहिला की माप एका फाँटचं, अक्षरं दुसऱ्याची, आणि ओळीचं शेपूट कापलं जातं. शिवाय हे माप मेनू पहिल्यांदा उघडताना विचारलं जातं. नंतर फाँट बदलला तरी जुनंच चालू राहतं. देवनागरीत हे पटकन उघडं पडतं. विंडोज 2000 बरोबर आलेल्या मंगल फाँटला इंग्रजी फाँटपेक्षा उंच ओळ लागते. 16 पिक्सेलच्या आयकॉनवर बेतून उंची ठोकून दिली असेल, तर ‘पूर्ववत करा’मधला ऊकार किंवा रफार छाटला जातो.

चित्रात न दिसणारी कामंही अंगावर येतात. विंडोजकडे ओळीचा मजकूरच नसल्याने आज्ञेतलं अधोरेखित अक्षर कीबोर्डवर दाबून ती निवडायला गेलं तर काही होत नाही. त्यासाठी ‘मेनूचार’ मेसेज सांभाळावा लागतो. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरलाही वाचायला काही उरत नाही. उपमेनूचा बाण मात्र विंडोज आपलं रंगकाम झाल्यावर वरून काढतंच.

एवढा खटाटोप कशासाठी? मुख्यतः आयकॉनसाठी. ऑफिस 97 च्या मेनूत आज्ञेशेजारी चित्रं दिसली आणि सगळ्यांना तशीच हवीशी झाली. गंमत म्हणजे ऑफिसचे ते मेनू विंडोजचे नव्हतेच, त्याचे स्वतःचे होते. विंडोज 98 पासून मजकूर विंडोजवर सोडून फक्त चित्र आपण काढायची वाटही मिळाली.

विंडोज व्हिस्टात याची किंमत वाढली. एक ओळ जरी ओनर-ड्रॉ असली, तरी अख्खा मेनू जुन्या, थीमविरहित रूपात उघडतो. त्याऐवजी 32 बिटांचा, अल्फा (प्रत्येक पिक्सेलची पारदर्शकता) असलेला बिटमॅप, म्हणजे चित्र, ओळीला जोडला की चित्र विंडोजच काढतं. फक्त रंग आधीच अल्फाने गुणलेले हवेत, नाहीतर आयकॉनच्या कडांना फिकट किनार दिसते.